आयएसओ आणायची कुठून, तपासायची कशी, पेनड्राइव्हवर चढवायची कशी

इंदूरच्या लोकमान्य नगरात आमच्या शेजारी राहणाऱ्या काकूंचा लॅपटॉप २०१६ सालचा. भिशीचा हिशोब, भजनी मंडळाच्या याद्या आणि रविवारी नातवाशी व्हिडिओवर बोलणं, एवढंच त्याचं काम. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि काकूंच्या पडद्यावर त्याची पाटी झळकायला लागली. "अरे, हे रोज मला धमकावतंय बघ. नवीन घे म्हणतंय. चांगला चाललाय ना हा?"

चालत होताच. पण विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो, आणि काकूंचा सहाव्या पिढीतला. जुन्या विंडोजला वर्षभराची मुदतवाढ मिळते, ती ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. ओळखीतला एक मुलगा पाचशे रुपयांत 'विंडोज मारून' द्यायला तयार होता. त्याच्या खिशात पेनड्राइव्ह होताच. त्या पेनड्राइव्हवरची फाइल आली कुठून, असं विचारलं तर म्हणाला, "मित्राकडून." मित्राला ती कुणी दिली, हे त्याला ठाऊक नव्हतं. ज्या सिस्टिमवर काकू बँकेचा पासवर्ड टाकणार, ती अशी तिऱ्हाइताच्या हातून आलेली नको, म्हणून काकूंनी आणि मी बसून सगळं पहिल्यापासून केलं: सिस्टिमची आयएसओ, म्हणजे अख्खी सिस्टिम जिच्यात भरलेली असते ती एकच मोठी फाइल, स्वतः आणली, तपासली आणि पेनड्राइव्हवर चढवली. ज्यांनी हे कधीच केलेलं नाही त्यांच्यासाठी तोच क्रम इथे लिहितो. आम्ही लिनक्स मिंट ही विंडोजऐवजी चालणारी फुकट सिस्टिम घेतली, विंडोजवाल्यांसाठी मध्ये एक परिच्छेद आहे.

१. आधी आपलं मशीन ओळखा

सेटिंग्जमध्ये सिस्टिम, त्यात अबाउट. तिथे रॅम किती ते दिसेल आणि 'एक्स६४-बेस्ड प्रोसेसर' असं लिहिलेलं दिसेल. ते दिसलं की ६४-बिटची फाइल चालते, मग सध्याचं विंडोज ३२-बिटचं असलं तरी हरकत नाही. नंतर स्टार्टमध्ये 'सिस्टिम इन्फर्मेशन' शोधून उघडा आणि 'बायोस मोड' या ओळीपुढे यूईएफआय (लॅपटॉप सुरू होण्याची नवी पद्धत) आहे की लेगसी (जुनी), ते बघा. या तिन्ही गोष्टी कागदावर लिहून ठेवा. होय, कागदावर. थोड्या वेळाने हाच लॅपटॉप बंद करायचा आहे आणि तेव्हा हे बघायला काही उरणार नाही.

इथे नवखे लोक एका नावाशी हमखास अडखळतात. लॅपटॉपवर इंटेलचा स्टिकर आणि डाउनलोडच्या पानावर फाइलच्या नावात 'एएमडी६४'. काकू म्हणाल्याच, "हे आपलं नाही, दुसऱ्या कंपनीचं आहे." आपलंच आहे. ६४-बिटची ही पद्धत २००३ मध्ये एएमडीने आधी बाजारात आणली आणि इंटेलने ती नंतर उचलली, म्हणून नाव त्यांचं राहिलं. इंटेल असो वा एएमडी, फाइल तीच. 'एआरएम६४' मात्र वेगळी, ती आपल्या नेहमीच्या लॅपटॉपवर चालत नाही. आणि मशीन खरोखरच ३२-बिटचं असेल तर पर्याय फार थोडे उरलेत. डेबियन या दुसऱ्या लिनक्सनेसुद्धा ऑगस्ट २०२५ च्या १३ व्या आवृत्तीपासून ३२-बिट पीसीचा इन्स्टॉलर देणं बंद केलं आहे.

अजून एक, आणि हे विसरलात तर रडायची पाळी येईल. बऱ्याच लॅपटॉपवर विंडोजने डिस्क आपणहून कुलूपबंद केलेली असते. सेटिंग्जमध्ये 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' किंवा 'बिटलॉकर' चालू दिसलं तर त्याची ४८ आकड्यांची रिकव्हरी की आधी उतरवून घ्या. बूटच्या, म्हणजे लॅपटॉप सुरू होण्याच्या, सेटिंगला हात लावला की विंडोज ती मागू शकतं, आणि की नसेल तर फोटो गेलेच समजा.

२. कोणती फाइल

यावर लोक रात्र रात्र वाद घालतात. मी घालत नाही. रॅम ४ जीबी किंवा कमी असेल तर लिनक्स मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती, जास्त असेल तर सिनॅमन. मिंटची सध्याची २२ ची मालिका उबुंटू या आणखी एका लिनक्सच्या २४.०४ आवृत्तीवर उभी आहे आणि तिला २०२९ पर्यंत अपडेट मिळतील. फाइल ३ जीबीच्या आसपास. खुद्द उबुंटूची फाइल त्याच्या दुप्पट, ६ जीबीच्या घरात. डेबियनची 'नेटइन्स्ट' फाइल १ जीबीच्याही आत असते, पण बाकीचं सामान ती इन्स्टॉल करताना नेटवरून ओढते, त्यामुळे ज्याचं वायफाय धड चालत नाही त्याने तिच्या वाटेला जाऊ नये.

विंडोज ११ च घ्यायचं असेल आणि मशीन पात्र असेल, तर मायक्रोसॉफ्टच्याच साइटवर दोन रस्ते आहेत. एक 'मीडिया क्रिएशन टूल', जे ८ जीबीचा पेनड्राइव्ह स्वतःच तयार करून देतं. दुसरा थेट आयएसओ. आयएसओची लिंक तयार झाल्यापासून २४ तासच चालते, म्हणून ती व्हॉट्सअॅपवर भावाला पाठवून ठेवण्यात अर्थ नाही. फाइल फुकट आहे, लायसन्स फुकट नाही. मात्र लॅपटॉपवर आधीपासून अस्सल विंडोज असेल तर त्याची नोंद सहसा त्या मशीनशी बांधलेली असते आणि पुन्हा टाकल्यावर ते आपोआप ओळखलं जातं.

३. खरं पान आणि खोटं बटण

सर्चमध्ये नाव टाकून पहिल्या लिंकवर क्लिक करू नका. पहिल्या दोन-तीन लिंका पुष्कळदा जाहिराती असतात. पत्ता स्वतः टाइप करा: लिनक्समिंट डॉट कॉम. तिथे आवृत्ती निवडली की खाली मिररची लांबलचक यादी येते. मिरर म्हणजे त्याच फाइलची दुसऱ्या सर्व्हरवर ठेवलेली प्रत. यादी देशवार असते, भारताखालचा एखादा घ्या. तो मंद वाटला तर सिंगापूरचा घेऊन बघा, काही बिघडत नाही.

एक साधी खूण लक्षात ठेवा: तुमच्या हाती जी फाइल पडते तिच्या नावाच्या शेवटी 'डॉट आयएसओ' असायला हवं. आधी आमचा 'डाउनलोडर' इन्स्टॉल करा असं पान म्हणत असेल, किंवा 'डॉट ईएक्सई' फाइल येत असेल, तर तुम्ही भलत्याच दारात उभे आहात. विंडोजचं ते टूल हा याला अपवाद.

४. डाउनलोड

२००५ ते २०११ या काळात उबुंटूवाले मागेल त्याला टपालाने सीडी पाठवत, तीही फुकट. माझी पहिली सीडी तशीच आली होती आणि पोस्टमनने ती शेजारच्या वाड्यात देऊन टाकली होती. असो.

नेटचा वेग एमबीपीएसमध्ये सांगतात ते बिट, फाइलचा आकार बाइटमध्ये. एका बाइटमध्ये ८ बिट. म्हणजे ४० एमबीपीएसच्या कनेक्शनवर सेकंदाला फार तर ५ एमबी, आणि ३ जीबीला हिशोबाने दहा मिनिटं. प्रत्यक्षात पंधरा-वीस धरा. रविवारी सकाळी डाउनलोडला लावा, पोहे-जिलेबी खाऊन या, जिरावण (पोह्यांवरचा मसाला) जरा जास्त मागा, परत येईपर्यंत झालेलं असेल.

मोबाइलच्या हॉटस्पॉटवर करणार असाल तर गणित वेगळं. दिवसाला दीड-दोन जीबीच्या पॅकमध्ये ३ जीबी मावत नाही. यावर उपाय टॉरेंटचा, म्हणजे एकच फाइल अनेकांकडून तुकड्यातुकड्यांनी उतरवण्याचा. टॉरेंट म्हटलं की लोकांना चोरीचे पिक्चर आठवतात, पण मिंट, उबुंटू, डेबियन सगळे आपल्या अधिकृत पानावरच टॉरेंटची लिंक देतात आणि त्यात बेकायदा काही नाही. फायदा असा की आज अर्धी फाइल, उद्या अर्धी चालते. मध्येच लाइट गेली तरी जिथे अटकलं तिथून पुढे सुरू होतं. शिवाय प्रत्येक तुकडा उतरल्यावर टॉरेंट स्वतःच तपासतो आणि खराब तुकडा परत मागवतो. ब्राउझरचं तसं नाही. काकूंकडे पहिल्यांदा ब्राउझरनेच लावलं होतं. ९७ टक्क्यांवर वायफाय गेलं, आलं, आणि ब्राउझरने 'पूर्ण' म्हणून फाइल दिली. ती जवळजवळ १०० एमबीने लहान होती.

५. तपासणी

ही पायरी सगळे गाळतात. म्हणून हिच्यावर जरा जास्त बोलतो.

आपल्याकडे सराफ्यात दिवसा सोनं विकतात आणि रात्री तिथेच खाण्याची दुकानं लागतात. रात्री खायला जाताना कुणी कसोटी बरोबर नेत नाही, पण दिवसा सोनं घेताना ते घासून बघितल्याशिवाय कुणी पैसे देत नाही. इथे दिवसाचा सराफा समजा.

प्रत्येक आयएसओबरोबर प्रकल्पवाले एक छोटी टेक्स्ट फाइल देतात, 'शा२५६सम' नावाची. तिच्यात प्रत्येक फाइलपुढे ६४ चिन्हांची एक ओळ असते, ० ते ९ आकडे आणि ए ते एफ अक्षरं. ही त्या आयएसओच्या अंगठ्याचा ठसा. फाइलमधला एक बिट जरी बदलला तरी ठसा पार वेगळा येतो. आपण आपल्याकडच्या फाइलचा ठसा काढायचा आणि दोन्ही शेजारी ठेवून बघायचे.

विंडोजवर मला सगळ्यात सोपं पडतं ते सेव्हन-झिप हे फुकट सॉफ्टवेअर. ते टाकलं की आयएसओवर राइट क्लिक, 'सीआरसी शा' या मेनूत 'शा-२५६'. मिनिटभर थांबा, ओळ समोर येते. काकूंनी चष्मा लावून माझ्या बोटाबरोबर एकेक अक्षर वाचलं. पहिल्या, त्या अटकलेल्या फाइलची ओळ चौथ्याच अक्षराला वेगळी निघाली. "म्हणजे खोटी?" खोटी नाही, तुटकी. ती तशीच चढवली असती तर इन्स्टॉल होता होता मध्येच भलतीच एरर आली असती आणि आम्ही लॅपटॉपला दोष देत बसलो असतो. फाइल पुसली, या वेळी टॉरेंटने आणली, ओळ जुळली. सगळी ६४ अक्षरं वाचायचा कंटाळा येत असेल तर पहिली आठ आणि शेवटची आठ बघा. तुटक्या फाइलसाठी तेवढं पुरतं.

मुद्दाम बदललेल्या फाइलसाठी पुरेलच असं नाही. २० फेब्रुवारी २०१६ ला लिनक्स मिंटच्या वेबसाइटमध्येच घुसखोरी झाली होती. डाउनलोडची लिंक बदलून ती बल्गेरियातल्या एका सर्व्हरकडे वळवली गेली आणि तिथे १७.३ सिनॅमनची मागचं दार ठेवलेली आयएसओ होती. त्या दिवशी साइटवरून ती आवृत्ती घेणारे त्यात सापडले, टॉरेंटने घेणारे वाचले. प्रकल्पाने दुसऱ्याच दिवशी स्वतः जाहीर करून सगळ्यांना सावध केलं, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. पण मुद्दा हा की साइटच कुणाच्या ताब्यात गेली, तर तो तिथला ठसाही बदलू शकतो.

म्हणून ठशाच्या फाइलवर प्रकल्पाची डिजिटल सही असते, 'जीपीजी' म्हणतात ती. मिंट एकदा चालू झालं की ते काम सोपं आहे: कुठल्याही आयएसओवर राइट क्लिक करून 'व्हेरिफाय', आणि ठसा-सही दोन्ही तपासता येतात. पहिल्या वेळी विंडोजवरून करताना सहीची भानगड डोक्यावरून जात असेल तर मी एक मधला मार्ग सांगतो. आयएसओ एका मिररवरून घ्या आणि 'शा२५६सम' फाइल दोन वेगळ्या मिररवरून उघडून बघा. तिन्हीकडे एकच ओळ असेल तर पुष्कळ निश्चिंत व्हायला हरकत नाही. सहीइतकं पक्कं नव्हे, पण नुसत्या विश्वासापेक्षा बरं.

६. पेनड्राइव्ह

८ जीबीचा पुरतो. चालू ब्रँडचा, बिल देणाऱ्या दुकानातून घ्या. मी एकदा रस्त्यावर दीडशे रुपयांत १२८ जीबीचा घेतला होता. विंडोज १२८ दाखवायचं, पण आत खरी जागा थोडीच होती. पुढचं सगळं लिहिलं जात असल्याचा आव आणायचा आणि उघडायला गेलं की फाइल रद्दी. आयएसओ पेनड्राइव्हवर लिहिणारा रूफस नावाचा प्रोग्रॅम खाली येतोच, त्याच्यात 'बॅड ब्लॉक्स' तपासायची सोय आहे, असा नकली माल तिच्यात पकडला जातो. वेळ लागतो, पण संशय असेल तर करा.

आता नवशिक्याची नेहमीची चूक. आयएसओ पेनड्राइव्हवर कॉपी-पेस्ट करायची नसते. तशी केली तर लॅपटॉपच्या दृष्टीने ती नुसती एक मोठी फाइल असते, तिच्यावरून तो सुरू होत नाही. आणि फाइल ४ जीबीच्या वरची असेल तर 'फॅट३२' पेनड्राइव्ह ती घेतच नाही, 'फाइल टू लार्ज' म्हणतो. आयएसओ पेनड्राइव्हवर 'लिहावी' लागते, आणि त्यासाठी रूफस. पत्ता रूफस डॉट आयई. दोन एमबीच्या आसपासचा प्रोग्रॅम आहे, इन्स्टॉलही करावा लागत नाही.

पेनड्राइव्ह लावा. बाकी सगळे पेनड्राइव्ह, बाहेरच्या हार्डडिस्क काढून टाका, हे मी तीनदा सांगतो, कारण रूफस निवडलेल्या डिस्कवरचं सगळं पुसतो. वरती 'डिव्हाइस'मध्ये आपलाच पेनड्राइव्ह आहे ना, आकारावरून ताडून बघा. 'सिलेक्ट' दाबून आयएसओ दाखवा. 'पार्टिशन स्कीम' मध्ये कागदावर यूईएफआय लिहिलं असेल तर जीपीटी, लेगसी असेल तर एमबीआर. बाकी काही हलवू नका. 'स्टार्ट' दाबल्यावर तो विचारतो, आयएसओ मोड की डीडी मोड. आधी आयएसओ मोड, जो तो स्वतःच सुचवतो. त्याने बूट झालं नाही तर पुन्हा लिहून डीडी मोड. हिरवी पट्टी भरली आणि 'रेडी' आलं की झालं.

डीडी मोडने लिहिलेला पेनड्राइव्ह विंडोजमध्ये परत लावलात तर विंडोज विचारेल, 'फॉरमॅट करू का?' नाही म्हणा. त्याला तो वाचता येत नाही एवढंच.

रूफस नको असेल तर बालेना एचर आहे. त्यात निवडायला जवळजवळ काहीच नसतं, आणि लिहून झाल्यावर तो लिहिलेलं स्वतः तपासूनही बघतो. एकाच पेनड्राइव्हवर चार-पाच आयएसओ ठेवायच्या असतील तर व्हेंटॉय. त्यात मात्र आयएसओ खरोखरच कॉपी-पेस्ट करतात, पण ही हौस दुसऱ्या वेळेसाठी ठेवा.

७. पहिला बूट

लॅपटॉप बंद करून चालू करताना बूट मेनूचं बटण टपटप दाबत राहायचं. डेल आणि लेनोवोवर एफ १२, एचपीवर एस्केप आणि मग एफ ९, एसुसच्या लॅपटॉपवर एस्केप. एसरवरही एफ १२, पण तो मेनू आधी बायोसमध्ये, म्हणजे लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन चालू करावा लागू शकतो. काही लेनोवोंना बाजूला सुईएवढं भोक असतं, त्यात सिमची पिन टोचली की मेनू येतो. बटण वेळेवर दाबलं जात नसेल तर विंडोजमधूनच शिफ्ट धरून 'रीस्टार्ट' करा आणि 'यूज अ डिव्हाइस' निवडा, यूईएफआय मशीनवर हा रस्ता चालतो. सिक्युअर बूट (अनोळखी सिस्टिम सुरू होऊ न देणारं सेटिंग) बंद करायची मिंटला सहसा गरज पडत नाही.

मेनूत पहिली ओळ घ्या. पडदा काळाच राहिला तर परत येऊन 'कम्पॅटिबिलिटी मोड'. दोन-एक मिनिटांत मिंटचा डेस्कटॉप येतो. तो पेनड्राइव्हवरून चाललेला असतो, तुमच्या डिस्कला अजून कुणी हात लावलेला नसतो. इथे घाई करू नका. आवाज येतो का, कॅमेरा चालतो का, प्रिंटर दिसतो का, मराठी टाइप होतं का, सगळं बघून घ्या. वायफाय दिसत नसेल तर फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा, नेट येतं आणि मग 'ड्रायव्हर मॅनेजर'मधून वायफायचा ड्रायव्हर ओढता येतो.

काकूंनी तासभर ते चालवून बघितलं, नातवाला फोन लावला, पत्त्यांचा खेळ शोधून दोन डाव टाकले. मग जुने फोटो दुसऱ्या डिस्कवर उतरवले, दोनदा उघडून बघितले, आणि तेव्हाच डेस्कटॉपवरच्या 'इन्स्टॉल' चिन्हाला हात लावला.

संध्याकाळी त्यांचा प्रश्न तयार होता. "आता हा पेनड्राइव्ह परत भजनांसाठी वापरता येईल ना? मंडळाचाच आहे तो." येईल. रूफसमध्ये 'बूट सिलेक्शन'ला 'नॉन बूटेबल' निवडून स्टार्ट केलं की तो पहिल्यासारखा कोरा होतो. मिंटमध्येच करायचं तर पेनड्राइव्हवर राइट क्लिक, 'फॉरमॅट'. मी त्यांना म्हटलं, महिनाभर तसाच ठेवा, काही अडलं तर याच्यावरूनच लॅपटॉप सुरू करता येईल. त्या म्हणाल्या, गुरुवारी भजन आहे. शेवटी मी त्यांना माझ्याकडचा दुसरा दिला.